निरोगी नमुना

७ फेब्रुवारी

दादा,

तीर्थरूप, साष्टांग असलं काही लिहीत नाही. सहा वर्षं आपण एकमेकांचं तोंड बघितलेलं नाही, आणि आता एकदम साष्टांग घातला तर तूच म्हणशील, हिचं काहीतरी काम निघालेलं दिसतंय. निघालंच आहे.

माझा फोन तू उचलत नाहीस, आईचा उचलतोस. दर रविवारी तुमचं मायलेकांचं बोलणं सुरू झालं की मी उठून भांडी घासायला जाते आणि नळ बारीक सोडते, म्हणजे मला सगळं ऐकू येतं. तू हल्ली काठी घेतोस हे मला असंच कळलं. पाय मुरगळलाय म्हणून आईला सांगितलंस. दादा, सहा महिने कुणाचा पाय मुरगळलेला नसतो. आई भोळी आहे, मी नाही.

सोबत माझा पत्ता लिहून एक कार्ड पाठवलंय. मला एवढंच कळव: शर्टाची बटणं तुझी तुला लावता येतात का? हात न टेकता खुर्चीतून उठता येतं का? जिना कसा चढतोस? चप्पल पायातून निसटली तर कळतं का? दोन्ही पायांना सारखंच होतं की एकालाच? आणि मधेच काही महिने बरं वाटून पुन्हा बिघडतं का? फार लिहू नकोस. हो-नाही पुरे. कशाला हवंय ते विचारू नकोस, कामासाठी हवंय.

परवा मला तुझी ती वजनांची पेटी आठवली. तू नुकता काट्यांच्या कंपनीत लागला होतास. दुकानोदुकानी जाऊन काटे बरोबर दाखवतात का ते तपासायचास, आणि त्यासाठी तुला ती प्रमाण वजनं दिली होती, आत निळी मखमल. मी आठ वर्षांची होते. सगळ्यात लहान, अर्ध्या ग्रॅमचं, नखाएवढं पत्र्याचं वजन मी बोटांनी उचललं आणि तू फाडकन एक दिलीस. "बोटाचा घाम लागला की वजन कामातून गेलं! चिमट्याने उचलायचं असतं!" मी दिवसभर रडले. त्या चापटीचा राग माझ्या मनात अजून आहे, म्हणून सांगून ठेवते.

कार्ड टाक.

भिंगरी
(नाव तूच ठेवलं होतंस, विसरला असशील.)


१ मार्च

दादा,

कार्ड आलं. अक्षर तुझं नाही, वहिनीचं आहे. तू हात लावला नसशील याची मला खात्रीच होती.

ती लिहिते: "बटणं मी लावते. खुर्चीतून मी उठवते. जिना बसून चढतात, एकेक पायरी. परवा कोपऱ्यापर्यंत एकाच चपलेने गेले आणि परत आल्यावर मी सांगितलं तेव्हा खाली बघितलं. दोन्ही पाय, दोन्ही हात. मागच्या वर्षी दोन महिने इतके बरे होते की कपाट एकट्याने सरकवलं, मग पुन्हा तेच." खाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ आहे: "हे ढोंग नाही, एवढं लक्षात ठेवा."

ती ओळ मी तीनदा वाचली.

आता ऐक. सहा वर्षांपूर्वी तुझ्या हातातून वजनं पडायला लागली तेव्हा तू माझ्याकडे आला होतास, आणि मी तुझं रक्त आमच्या प्रयोगशाळेत तपासून काही नाही म्हणून सांगितलं होतं. त्या सुमाराच्या तपासण्यांत थोडा घोळ होता असं आता दिसतंय. यंत्र जुनं होतं, रसायनाची एखादी बाटली खराब असते, अशी हजार कारणं असतात. तर तो निकाल तू धरू नकोस. मज्जातंतूंच्या डॉक्टरकडे जा, आणि याच आठवड्यात जा.

का, ते थोडक्यात सांगते. आपल्या नसांवर एक वेष्टण असतं, विजेच्या तारेवर रबर असतं तसं. ते काही ठरावीक प्रथिनांचं बनलेलं असतं. आपल्या रक्तात राखणदार पेशी असतात, त्यांनी बाहेरून येणाऱ्या जंतूंना मारायचं. पण कधी कधी त्यातल्या काही पेशी या वेष्टणाच्या प्रथिनांनाच शत्रू समजतात आणि ते कुरतडायला लागतात. कुंपणानेच शेत खायचं, दुसरं काय. मग निरोप बोटांपर्यंत धड जात नाही आणि बोटांकडून धड येत नाही. मधे राखणदार दमले की वेष्टण थोडं भरून येतं आणि माणूस बरा दिसतो. बघणारे म्हणतात, काल तर कपाट सरकवत होता, आज लगेच काय झालं? यावर औषध आहे, दादा, पण वेष्टणाच्या आतली तारच तुटली तर मग अवघड होतं. म्हणून घाई कर.

आमची तपासणी म्हणजे याच प्रथिनांचे तुकडे रक्तातल्या पेशींसमोर टाकायचे. ज्या पेशी चवताळतात तिथे बशीवर निळा ठिपका उमटतो, आणि मी ठिपके मोजते. आयुष्यभर तेच करत आले.

डॉक्टरकडे जा. भांडण नंतर करू.

भिंगरी


१९ मार्च

दादा,

रविवारी वहिनीने आईला तुझा निरोप दिला. आईने तो मला जसाच्या तसा सांगितला, मोठ्याने, कारण तिला स्वतःला कमी ऐकू येतं म्हणून सगळं जग बहिरं आहे असं तिला वाटतं. "तो विचारतोय, काटा चुकला होता की वजन?"

मी नळ बंद केला.

तू पहिल्या वर्षापासून हेच सांगायचास ना. दुकानदाराचा काटा खोटा आहे असं म्हणायच्या आधी आपलं वजन तपासून आणायचं. आपलंच वजन खोटं असेल तर गावातले सगळे खरे काटे खोटे ठरतात आणि खोटे खरे. जेवताना शंभर वेळा ऐकलंय मी हे, आणि शंभर वेळा म्हटलंय, दादा, पुरे झालं तुझं काटेपुराण.

वजन चुकलं होतं, दादा. यंत्र ठीक होतं, बाटल्याही ठीक होत्या. मागच्या पत्रात मी तुला थापा मारल्या.

आमच्या प्रत्येक बशीवर रुग्णाच्या रक्ताशेजारी एका निरोगी माणसाचं रक्त लावावं लागतं. दोन्हींत फरक दिसला तर रुग्णाच्या रक्तात काहीतरी आहे म्हणायचं. छोटी प्रयोगशाळा आमची, रोज नवा निरोगी माणूस कुठून आणणार? मी हाताशी होते, धडधाकट होते, बाही वर करून बसायला तयार होते. अकरा वर्षं ते निरोगी रक्त माझं होतं. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम पाहुण्यांना सांगायच्या, "ही आमची निरोगी नमुना," आणि मी मिरवायचे.

तुझं रक्त मी जेवणाच्या सुटीत, कुणाला न विचारता लावलं. तुझे ठिपके एक्केचाळीस आले. माझे अडतीस. मी हसलेसुद्धा. भावंडं आहोत, सारखेच असणार! आणि निकाल काढला, दादा ठणठणीत आहे.

या हिवाळ्यात आमचा संशोधनाचा लेख नियतकालिकाच्या तपासणाऱ्यांनी परत पाठवला. एका माणसावर भागणार नाही, वीस निरोगी माणसं आणा म्हणाले. मी दारावरच्या पहारेकऱ्याचं रक्त घेतलं, ग्रंथालयातल्या बाईंचं, उपाहारगृहाच्या आचाऱ्याचं, काचेची भांडी धुणाऱ्या दोघींचं, असं करत वीस जणांचं. तीन ठिपके. पाच. दोन. चार. सहा. आचाऱ्याचा एकच. आणि त्या ओळीच्या शेवटी मी, शेळ्यांच्या कळपात उंट उभा करावा तशी. अडतीस. तीनदा नव्याने रक्त काढून बघितलं. अडतीस, चाळीस, सदतीस.

म्हणजे अकरा वर्षं आम्ही सगळ्या रुग्णांची उंची एका उंटाशी ताडून बघत होतो आणि म्हणत होतो, छे, कुणी उंच नाही.

मी आजारी आहे का, असं वहिनी विचारेल. नाही. डॉक्टरांनी गुडघ्यावर हातोडी मारली, वायरी लावून नसा तपासल्या, सगळं ठीक आहे. या पेशी पुष्कळ धडधाकट माणसांतही थोड्याफार असतात म्हणे. माझ्यात ढीगभर आहेत, पण त्यांना आवरणारं कुणीतरी माझ्यात जागं आहे, तुझ्यात त्याला डुलकी लागली. आपल्या दोघांत तापट कोण आणि गरीब कोण हे साऱ्या जगाला माहीत आहे. रक्तात बरोबर उलटं निघालं.

आणि मुळात, दादा, त्या ठिपक्यांवरून कुणाला रोग आहे की नाही हे ठरवायचंच नसतं. ती अभ्यासाची तपासणी आहे, निदानाची नाही. हे मला तेव्हाही माहीत होतं. तरी जेवणाच्या टेबलाशी, आई आणि वहिनी समोर बसलेल्या असताना, मी म्हणाले, "याला काहीही झालेलं नाही, कामाचा कंटाळा आलाय, ढोंग आहे सगळं." तुझ्या साहेबांचा फोन आला तेव्हा त्यांनाही तेच सांगितलं. तीस वर्षांची नोकरी गेली तुझी. त्या दिवशी टेबलाशी तू पाण्याचा पेला उचलायला गेलास, तो आडवा झाला, आणि मी म्हणाले, "बघा, नाटक बघा."

हे आठवलं की मला माझी शिसारी येते. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, ही म्हण आई मला लहानपणी ऐकवायची, ती फुकट नाही.

चुकले, दादा. मला माफ कर. नाही केलंस तरी चालेल, पण डॉक्टरकडे जा. माझ्यावरचा राग पायावर काढू नकोस.

भिंगरी


११ एप्रिल

दादा,

तू गेलास! वहिनीचं दोन पानी पत्र आलं, आणि मी ते उभ्याउभ्याच वाचलं.

बुटके, जाड चष्म्याचे डॉक्टर. हातोडी मारली तर पाय ढिम्म. नसांतून वीज सोडली तर निरोप रमतगमत पोचतोय. पाठीतून पाणी काढलं. मग म्हणाले, वेष्टण बरंच गेलंय, आतल्या काही तारा तुटल्यात, पण पुष्कळ शाबूत आहेत. उशीर झालाय, पण गाडी सुटलेली नाही. हे वाक्य वहिनीने खाली रेघ मारून लिहिलंय. माझा जीव भांड्यात पडला.

पुढे लिहिते, डॉक्टरांनी विचारलं, सहा वर्षं काय करत होता? आणि तू म्हणालास, "घरात एकाला वाटलं, काही नाही. मलाही तसंच वाटलं."

तुला माझं नाव घेता आलं असतं. मी तुझ्या जागी असते तर पत्त्यासकट घेतलं असतं. मी आमच्या शीतखोलीत जाऊन रडले. चार अंशांत रडलं की डोळे सुजत नाहीत, ही आमच्या धंद्यातली युक्ती आहे.

आता माझ्याकडची बातमी. चोरून केलेल्या तपासणीचं मी मॅडमना सांगितलं. त्यांनी समोरची वही मिटली. मग म्हणाल्या, "न विचारता तपासलंस, हे एक. नको ते सांगितलंस, हे दुसरं. आणि अकरा वर्षं तू कोण आहेस हे मी तपासलं नाही, ते माझ्या डोक्यावर." नमुन्याच्या पदावरून मी बडतर्फ झाले. नोकरी राहिली. जुन्या सगळ्या बशा नव्या वीस जणांशी ताडून बघतोय, आणि दादा, आता फरक दिसतोय. सगळ्यांत नाही, पण काही रुग्णांत स्पष्ट दिसतोय. मॅडम दहा वर्षं म्हणत होत्या, ही प्रथिनं बहुधा निर्दोष असावीत. परवा त्यांनी ठिपके बघितले आणि खुर्ची ओढून बसल्याच.

तुझ्या साहेबांनाही पत्र घातलं, की मी सांगितलं ते खोटं होतं, माणूस खरा आजारी होता. ते आता निवृत्त झालेत. उत्तर आलं: "तीस वर्षं ज्याने एक काटा चुकवला नाही, त्याला मी एका फोनवर खोटं ठरवलं. मलाही लाज वाटते." चिठ्ठी सोबत जोडलीय. तुझी आहे, तूच ठेव.

औषध म्हणजे शिरेतून थेंब थेंब सोडतात ते, हजारो निरोगी माणसांच्या रक्तातून काढून एकत्र केलेलं, हे डॉक्टरांनी सांगितलं असेलच. मी त्यांना फोन करून विचारलं, माझं रक्त घ्या, सगळं घ्या. ते हसले. "बाई, एकटीच्या रक्ताने काय होणार? इथे हजारो लागतात." बरोबरच आहे. एकटीच्या रक्ताने काय होतं ते आपण बघितलंय.

भिंगरी


२ जून

दादा,

तुझं उत्तर नाही, पण वहिनी इमानदारीत बातम्या पाठवते, आणि आईचा कान फोनला असतो तोवर माझा आईला असतो.

पहिल्या वेळी ताप आला, डोकं ठणकलं, तू सुई उपटून निघालास आणि वहिनीने तुला रागावून पुन्हा निजवलं. शाबास तिची. दुसऱ्या खेपेनंतर चार पायऱ्या उभ्याने. तिसऱ्या खेपेनंतर अख्खा जिना, कठडा धरून. पुढच्या खेपेच्या आधी आठवडाभर पुन्हा पाय जड होतात. घाबरू नकोस, औषधाचा जोर ओसरतो तेव्हा तसं व्हायचंच. डॉक्टर आता दोन खेपांमधले दिवस कमी करणार आहेत.

वहिनीने आणखी एक सांगितलं. डॉक्टर म्हणाले, पायांचं जमेल, बोटांचं सांगता येत नाही, तिथे जास्त नुकसान झालंय. त्यावर तू म्हणालास, "पाय राहिले तरी चालेल, काठीचं मला काही नाही. बोटं द्या."

इथवर लिहून तीन दिवस हे पत्र अर्धवट पडलंय. मी काम करताना माझी बोटं बघते. ती सगळं करतात, पेन धरतात, बशी उचलतात, आणि मी त्यांना कधी धन्यवादसुद्धा दिले नाहीत. तुझ्या बोटांनी तीस वर्षं केसाएवढा फरक ओळखला. देव माणसाला काय बघून देतो आणि काय बघून काढून घेतो, कळत नाही. देवाचं राहू दे, इथे मीच होते.

माझी पत्रं तू वाचतोस आणि वजनांच्या पेटीत ठेवून कुलूप लावतोस, असंही वहिनी म्हणाली. सांगू नका म्हणालास म्हणे, म्हणून तिने लगेच सांगितलं. मी माफीचं पुन्हा विचारत नाही. पालथ्या घड्यावर पाणी असं समजूनच लिहिते, मला लिहायला बरं वाटतं एवढंच.

आई विचारते, हा कधी येणार. मी म्हटलं, जिना चढायला लागलाय, येईल.

भिंगरी


२७ जून

दादा,

आज प्रयोगशाळेच्या पत्त्यावर पाकीट आलं. पत्ता वाकडातिकडा, एक अक्षर मोठं, एक बारीक, ओळ खाली घसरलेली. पहारेकरी म्हणाला, "कुठल्या तरी लहान मुलाचं पत्र दिसतंय, ताई." मी म्हटलं, "पंचावन्न वर्षांचा आहे तो मुलगा," आणि जिन्यातच फाडलं.

कागदाच्या घडीत ते अर्ध्या ग्रॅमचं वजन होतं. तेच, एक कोपरा दुमडलेलं, नखाएवढं. पत्र्यावर अंगठ्याचा ठसा स्पष्ट दिसत होता, घामाचा.

आणि तुझ्या अक्षरात चार ओळी: "भिंगरे, हे मी बोटांनी उचललं. चिमट्याने नाही. आठव्या वेळी जमलं. गार लागलं. आता हे वजन कामातून गेलं, तू ठेव."

गार लागलं. दादा, गार लागलं!

मी तिथेच पायरीवर बसले. शीतखोलीपर्यंत पोचले नाही, त्यामुळे डोळे चांगले सुजलेत. मॅडम धावत आल्या, त्यांना वाटलं कुणी गेलं. मी त्यांना तो पत्र्याचा तुकडा दाखवला. त्या चिमटा आणायला निघाल्या, सवयीने. मी म्हटलं, राहू द्या, आणि बोटांनीच उचलला, तुझ्या ठशावर माझा ठसा ठेवून. खरंच गार आहे.

त्या चापटीचा राग आजपासून संपला.

रविवारी फोन मी लावणार आहे. भांडी सोमवारी घासू.

तुझी,
भिंगरी